आणीबाणी, शोभराज आणि आपल्या रस्त्यावरचा तो सायकलवाला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. वाचून झाल्यावर मला शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, फक्त अर्ध्यावर सोडू नका. कारण शिव्या खाण्यासारखं जे आहे ते शेवटाकडं आहे.

मागच्या आठवड्यात आपल्या येलदरीत, धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या हॉटेलात बसलो होतो. दोन-चार पोरं मोबाईलवर ‘इन्स्पेक्टर झेंडे’ बघून आलेली. सप्टेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला चिन्मय मांडलेकरचा पिक्चर, मनोज बाजपेयी झेंडे झालाय. पिक्चरमध्ये चोराचं नाव बदललंय, पण तो चार्ल्स शोभराज आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपला मराठी माणूस मधुकर झेंडे, मुंबई पोलिसांतला. त्यानं १९७१ मध्ये एकदा आणि एप्रिल १९८६ मध्ये गोव्यात, पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात दुसऱ्यांदा शोभराजला धरला. पोरांना अभिमान वाटला. वाटायलाच पाहिजे.

तेवढ्यात त्यातला एक जण म्हणाला, “झेंड्यांनी धरला ते ठीक. पण त्याला तिहारात पहिल्यांदा घातला तो आणीबाणीत. तेव्हा कायदा कडक होता. परदेशी पाहुण्याच्या केसाला धक्का लावायची कुणाची हिंमत नव्हती. आता परत तशीच आणीबाणी पाहिजे.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प बसलो. गप्प का बसलो ते नंतर सांगतो.

घरी येऊन अण्णांना विचारलं. आमचे अण्णा धरणावर हजेरी कारकून होते, आणीबाणीचे एकवीस महिने त्यांनी नोकरीत काढले. म्हणलं, अण्णा, तेव्हा खरंच एवढी शिस्त होती का? ते म्हणाले, “होती की. साहेब दहाच्या ठोक्याला खुर्चीत. मस्टरवर लाल रेघ मारायची वेळ यायची नाही. पण साहेबानं चुकीचं केलं तर जायचं कुणाकडं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग सगळेच आपलं ‘हो साहेब’ म्हणायचे.”

हे वाक्य डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

आधी तारखा बघू, कारण आपल्याकडं तारखा न बघता बोलायची फॅशन आहे. आणीबाणी लागली २५ जून १९७५ च्या रात्री आणि उठली २१ मार्च १९७७ ला. शोभराजनं पर्यटकांना गुंगी देऊन लुटणं, मारणं हे प्रकार केले ते मुख्यतः १९७५ आणि १९७६ मध्ये. थायलंडमध्ये, डिसेंबर १९७५ मध्ये काठमांडूत, आणि मग आपल्याकडं. दिल्लीत एका फ्रेंच पर्यटकाला त्यानं गुंगीचं औषध दिलं, त्यात तो मेला. म्हणजे आणीबाणी पुऱ्या भरात असताना हा माणूस चोरलेल्या पासपोर्टवर या देशात फिरत होता, हॉटेलात उतरत होता, माणसं हेरत होता. कडक कायद्याला तो दिसला नाही.

मग सापडला कसा? जुलै १९७६ मध्ये दिल्लीच्या विक्रम हॉटेलात फ्रेंच विद्यार्थ्यांचा एक मोठा गट उतरला होता. शोभराजनं त्यांच्याशी मैत्री केली आणि पोट बिघडू नये म्हणून गोळ्या असं सांगून गुंगीच्या गोळ्या वाटल्या. त्याचा हिशोब असा, की सगळे आपापल्या खोलीत जाऊन झोपतील आणि मग सामान साफ करू. पण औषधानं लवकर काम केलं. पोरं तिथंच, सगळ्यांसमोर पडायला लागली. ज्यांनी गोळ्या घेतल्या नव्हत्या त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, त्यांनी त्याला पकडून ठेवला आणि पोलिसांना बोलावलं.

म्हणजे शोभराजला धरलं ते तक्रार करणाऱ्यांनी. मिसानं नाही, सेन्सॉरनं नाही. त्याच्यावर खटला चालला तो नेहमीच्या भारतीय दंडविधानाखाली, आणि निकाल लागले तोवर आणीबाणी उठलेली होती.

आता या माणसाचं सावज कोण होतं ते बघा. पाठीवर पिशवी घेऊन महिनोन्महिने फिरणारी पोरं-पोरी. फोन नाही. घरी महिन्याला एखादं पत्र. कुणाचा व्हिसा संपलेला, कुणाच्या पिशवीत गांजा. असा माणूस लुटला गेला तरी पोलिसांकडं जायला बिचकतो, आणि बेपत्ता झाला तरी दोन-दोन महिने कुणी विचारत नाही. बँकॉकमध्ये हर्मन निपेनबर्ग नावाचा डच वकिलातीतला एक कनिष्ठ अधिकारी होता. बेपत्ता झालेल्या दोन डच पर्यटकांच्या घरून आलेल्या पत्रावरून त्यानं शोध सुरू केला, आणि तिथल्या पोलिसांनी हात झटकले तरी कागद जमवत राहिला. तो नसता तर अर्ध्या गोष्टी कळल्याही नसत्या.

चोर श्रीमंत माणूस शोधतो असं आपल्याला वाटतं. माझ्या पंधरा-सोळा वर्षांच्या बातमीदारीत मला जे दिसलं ते वेगळंच आहे. चोर शोधतो तो तक्रार करू न शकणारा माणूस.

आणि आणीबाणी नेमकं काय करते? तक्रार करू न शकणाऱ्या माणसांची संख्या वाढवते.

थोडं कायद्याचं सांगतो, सोपं करून. आपल्या घटनेत काही हक्क ‘नागरिकां’ना आहेत, उदाहरणार्थ कलम १९, बोलायचं-फिरायचं स्वातंत्र्य. पण कलम १४ म्हणजे कायद्यापुढं समानता, आणि कलम २१ म्हणजे जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं रक्षण, यात शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. घटना लिहिणाऱ्यांनी हे जाणून केलं. धरणावर मासे खायला आलेला जिंतूरचा माणूस आणि लोणार बघून आलेला जर्मनीचा माणूस, जीव दोघांचाही सारखाच.

२७ जून १९७५ ला, आणीबाणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, राष्ट्रपतींचा एक आदेश निघाला. कलम १४, २१ आणि २२ चे हक्क मिळवण्यासाठी कोणत्याही व्यक्तीला कोर्टात जाता येणार नाही. आणि ‘कोणत्याही व्यक्ती’पुढं कंसात मुद्दाम लिहिलं होतं, परदेशी माणूस धरून. म्हणजे पाहुणा आणि घरचा, दोघांनाही एकच दार बंद. मिसा कायद्यात तर परदेशी माणसाला देशात राहण्यावर नियंत्रण म्हणून किंवा बाहेर घालवण्याच्या तयारीसाठी म्हणून स्थानबद्ध करायची वेगळी तरतूदच होती.

२८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं जबलपूरच्या खटल्यात, चार विरुद्ध एक अशा मतानं, हे दार बंद असल्यावर शिक्का मारला. त्या सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी सरकारी बाजूला विचारलं होतं, की एखाद्या पोलिसानं वैरातून माणूस मारला तरी दाद मागता येणार नाही का? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. चारांविरुद्ध एक मत दिलं ते खन्नांनीच. पुढं सरन्यायाधीश व्हायची पाळी त्यांची होती, ती डावलली गेली.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दंडविधान काही बंद झालं नव्हतं. चोरी ही चोरीच होती आणि परदेशी माणसाला ठाण्यात जाऊन फिर्याद देता येत होती. विक्रम हॉटेलातल्या विद्यार्थ्यांना ती देता आली. ते पुष्कळ जण होते, रीतसर सहलीवर आले होते, कागद चोख होते. पण एकटा असता, व्हिसा आठ दिवसांपूर्वी संपलेला असता, तर? ज्या ठाण्यात गेल्यावर आपल्यालाच आत घालतील आणि मग कोर्टही विचारणार नाही, त्या ठाण्याची पायरी कोण चढेल?

म्हणून आणीबाणीत कायदा कडक होता हे अर्धवट आहे. अधिकार कडक होता. कायद्याला दोन बाजू लागतात, एक शिक्षा करणारी आणि एक ऐकून घेणारी. ऐकून घेणारी बाजू झोपली होती.

ही चूक देशानं नंतर सुधारली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं, की पुढं आणीबाणी लागली तरी कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत. तिथंही शब्द ‘व्यक्ती’च. २००० मध्ये चंद्रिमा दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर रेल्वेच्याच माणसांनी अत्याचार केला होता. रेल्वेचं म्हणणं, ती परदेशी आहे, तिला भरपाई आम्ही का द्यायची? कोर्टानं सांगितलं, कलम २१ तिलाही आहे, आणि दहा लाखांची भरपाई कायम केली.

इथवर सगळं दुसऱ्यांचं झालं. आता माझं.

मार्च २०२०. २४ तारखेच्या मध्यरात्री लॉकडाऊन लागलं, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. ती काही घटनेतली आणीबाणी नव्हती. साथरोग कायदा १८९७ चा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, यावर देश बंद झाला. पण गावागावांत काय चाललं होतं ते आठवा. बाभळीचे फेसाटे टाकून रस्ते अडवलेले. पोरं काठ्या घेऊन बसलेली. मुंबई-पुण्याहून आलेल्या सख्ख्या भावाला शेतातल्या कोठ्यावर झोपायला लावलेलं. प्रत्येक वेशीवर एकेक सरकार.

लोणारहून सेनगावमार्गे एक परदेशी सायकलवाला आला. तिशीचा असेल, युरोपातला. नाव-देश सांगत नाही. जिंतूरमार्गे खाली हैदराबादला जायचं त्याचं चाललं होतं. येलदरीच्या अलीकडं एका गावाच्या वेशीवर त्याला अडवलं. गावाचं नाव घेत नाही. तिथं तीन पोरं होती. त्यांनी तपासणी करायची म्हणून त्याचा मोबाईल आणि कमरेचं पाकीट काढून घेतलं. तो मागायला लागला तर पाठीत दोन काठ्या घातल्या. मोबाईल परत दिला नाही.

मी तिथं होतो. फोन आल्यावर गाडी काढून गेलो होतो, पत्रकाराचा पास होता ना माझ्याकडं. काठी पडताना मी पाहिलं. आणि मी काय केलं? लांबून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: “येलदरी परिसरात परदेशी संशयित. नागरिकांत भीतीचे वातावरण.”

अर्ध्या तासात ती पोस्ट कुठल्या कुठं गेली. एकानं ‘संशयित’चं ‘कोरोनाग्रस्त’ केलं, दुसऱ्यानं आणखी काही. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय मंडळी. पहिल्याच वर्गात सरांनी शिकवलं होतं, कशाचा संशय, कुणाला संशय, हे लिहिता येत नसेल तर ‘संशयित’ लिहू नये.

तो माझ्याकडंच आला. गळ्यातलं कार्ड बघून त्याला वाटलं असेल, हा शिकलेला आहे. “पोलीस, पोलीस” म्हणत होता. मी त्याला घेऊन गेलो. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही, तिथल्या माणसाचंही नाव नको, त्या दिवसांत तेही चोवीस-चोवीस तास राबत होते. पण झालं ते असं. ड्युटीवरच्यानं तोंडाला रुमाल बांधून लांबूनच विचारलं, “ह्याचं मेडिकल कुठंय? संचारबंदीत हा फिरतोच कसा? आधी ह्याच्यावरच गुन्हा दाखल होतो, मग मोबाईलचं बघू.” मी ते मोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “नो कम्प्लेंट. प्लीज. नो कम्प्लेंट.”

तेव्हा मला शोभराज आठवला नाही. आज आठवतोय. तक्रार करू न शकणारा माणूस कसा तयार होतो ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि तयार करणाऱ्यांत मीही एक होतो.

त्याला एका शाळेत चौदा दिवस ठेवलं. तिथल्या सेविकाताई आणि कोतवालानं मात्र जीव लावला, रोज घरचं पिठलं-भाकरी. वाहनाचा पास निघाल्यावर तो गेला. जाताना माझ्या वहीच्या मागच्या पानावर ईमेल लिहून दिला. मी दुसऱ्या दिवशी बातमी केली, “परदेशी पाहुण्याला प्रशासनाची माया.” बातमी खरी होती. चौदा दिवसांपुरती खरी होती. काठीचं आणि मोबाईलचं त्यात अक्षर नव्हतं.

मग २१ ऑगस्ट २०२० आला. आपल्या खंडपीठानं, तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, एक निकाल दिला. पर्यटक व्हिसावर आलेल्या २९ परदेशी तबलिगींवर अहमदनगर जिल्ह्यात साथ पसरवल्याचे, व्हिसाच्या अटी मोडल्याचे गुन्हे दाखल झाले होते. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांची माणसं. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. शेवलीकर यांनी ते गुन्हे रद्द केले. साथ किंवा संकट आलं की सत्ता बळीचा बकरा शोधते, असं निकालात नोंदवलं. ‘अतिथी देवो भव’ या आपल्याच वचनाची आठवण करून दिली. आणि वर्तमानपत्रं, वाहिन्यांनी परदेशी माणसांविरुद्ध केलेल्या प्रचारावर कडक बोट ठेवलं.

ती बातमी मी आठ ओळींत लावली. लावताना हात थांबला. खंडपीठासमोर माझी पोस्ट नव्हती, पण बोट माझ्याकडंही होतं.

१९७६ आणि २०२० मध्ये फरक काय ते मला या निकालात दिसतो. भीती दोन्ही वेळी होती. वेशीवरचे दंडुके दोन्ही वेळी होते. पण २०२० मध्ये कोर्टाचं दार उघडं होतं, कलम २१ जागं होतं, म्हणून पाच महिन्यांत का होईना त्या २९ जणांचं कुणी ऐकलं. १९७६ मध्ये ते दार बंद होतं. आणि आपण हॉटेलात बसून म्हणतोय, ते दार परत बंद करा.

आता सांगतो मी त्या दिवशी गप्प का बसलो. आणीबाणी पाहिजे, परदेशी पाहुण्याच्या केसाला धक्का लागत नव्हता, असं जो म्हणाला ना, तो त्या तीन पोरांतला एक आहे.

तो वाईट नाही. आता त्याचं लग्न झालंय, लेकरू आहे, धरणाच्या कालव्यावर त्याची दोन एकर आहे. त्याला ते आठवतही नसेल. किंवा आठवत असेल आणि त्याच्या लेखी ती चोरी नसेलच, बंदोबस्त असेल. संकटाच्या काळात आपण केलेलं सगळं आपल्याला बंदोबस्तच वाटतं.

मी या आठवड्यात एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, साध्या चोरीला तीन वर्षांची मुदत असते, ती गेली. पण मारून हिसकावलं असेल तर ती जबरी चोरी. तेव्हाच्या दंडविधानाचं कलम ३९२, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. त्याला मुदतीचं बंधन नाही. आणि फिर्याद लुटलेल्या माणसानंच द्यायला पाहिजे असंही नाही, ज्याला माहिती आहे तो कुणीही देऊ शकतो. साक्षीदार परदेशात असला तरी अडत नाही, २००३ मध्ये महाराष्ट्राच्याच एका खटल्यात, डॉ. प्रफुल्ल देसाईंच्या, सर्वोच्च न्यायालयानं परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं घ्यायला मान्यता दिलेली आहे.

म्हणजे कायद्याकडून सबब उरली नाही. उरलो मी.

काल रात्री वही शोधली. मागच्या पानावरचा ईमेल अजून वाचता येतोय. त्याला लिहिलं. पहिल्यांदा माफी मागितली, त्या पोस्टबद्दल आणि त्या अर्ध्या बातमीबद्दल. मग विचारलं, तुझी इच्छा असेल तर मी पाहिलेलं सगळं जबाबात द्यायला तयार आहे. उत्तर अजून आलेलं नाही. ईमेल चालू आहे का तेही माहीत नाही. माझा जबाब मात्र मी लिहून, तारीख घालून, सही करून ठेवलाय.

आणि त्या तिघांना, तुम्ही ही पोस्ट वाचताय मला माहितीय. कुणाचं नाव मी इथं घेतलेलं नाही. आधी घरी या. अण्णा पण बसतील. मोबाईल गेला असेल तर किंमत काढू, पैसे जमवू, पाठवायचं कसं ते मी बघतो. माफीचं पत्र लिहू, इंग्रजीत मी करून देतो. तो म्हणाला मला एवढं पुरे, तर त्याची मर्जी. तो म्हणाला तक्रार करायची, तर मी तुमच्या विरुद्ध साक्ष देणार. तुमच्या बापाशी माझी तीस वर्षांची ओळख आहे, तरी देणार.

बाकीच्यांना एक विनंती. लोणार बघून, औंढ्याला जाऊन, वेरूळ-अजिंठ्याला जाता-येता आपल्या रस्त्यावर परदेशी माणसं दिसतात. कुणी अडचणीत दिसलं तर फोटो काढायच्या आधी पाणी विचारा. ११२ लावा, किंवा पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाईन आहे, ती परदेशी भाषांतही बोलते. हद्द आमची नाही म्हणून कुठल्याही ठाण्याला फिर्याद नाकारता येत नाही, ‘झिरो एफआयआर’ आता १ जुलै २०२४ पासून थेट कायद्यात लिहिलेला आहे. सोबत जा, आणि सोबत गेलात तर त्याच्या बाजूला उभे राहा. मी गेलो होतो, पण नुसता भाषांतर करत उभा राहिलो.

आणि हॉटेलात आणीबाणीचा विषय निघाला तर अण्णांचा प्रश्न विचारा. साहेबानं चुकीचं केलं तर जायचं कुणाकडं?

असहमत असाल तर खाली लिहा. उत्तर देईन. यावेळी गप्प बसणार नाही.